आमची पंगत कुठली?

आमच्या पंपांच्या कारखान्याचे मालक रणदिवे यांना पुराणातून व्यवस्थापन शिकवायचा नाद लागला होता. परवा सगळ्यांना मांडवात बसवून ते समुद्रमंथनावर बोलले.

"देव आणि दानव एकच दोर ओढत होते, म्हणून अमृत निघालं. मालक-कामगार हा भेद विसरा आणि यापुढे रविवारीही सेवाभावानं कामावर या. कोणाला काही शंका?"

शेजारीच जेवणाची तयारी चालली होती. साहेबलोकांना पंख्याखाली श्रीखंड-पुरी, आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये मसालेभात.

स्टोअर सांभाळणाऱ्या विमल आवटी उठल्या. "साहेब, दोर दोघांनी ओढला, पण अमृत वाटताना पंगती दोन बसल्या. देव पिऊन उठले, दानव बघत राहिले. आमची पंगत कुठली, तेवढं सांगा."

हसायची कोणाची हिंमत झाली नाही. रणदिवेंचा चेहरा लालबुंद झाला. "बाई, उद्यापासून कामावर यायचं नाही."

विमलताईंनी शांतपणे पिशवी उचलली.

"मी तर नुसतं विचारलं, साहेब. देवांच्या पंगतीत घुसलेल्या राहूचंसुद्धा डोकं अमृत चाखल्यावरच उडवलं होतं."