झालुपिसच्या चौकातलं गोड बीट

हा समोरचा चौक एकदा नीट बघून घ्या, मग बसू. चालून चालून तुमचेही पाय दुखले असतील, माझे तर दुखतातच. असे चौक लिथुआनियात गावोगाव आहेत. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला खानावळ, मधे दगडी फरशी. पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या झालुपिसमध्ये जे चालतं, ते दुसरीकडे कुठे चालत नाही. बायामाणसं फरशीवर स्टुलं मांडून बसतात, साखरेचं बीट किसतात आणि रडतात. मागच्या वर्षी डोळ्यांचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी कीस चाखून पाहिला आणि म्हणाले, "हे तर गोड आहे. यानं डोळ्यांत पाणी येणं शक्य नाही." आम्ही म्हटलं, "बरोबर आहे."

ही हकिकत मी तिघांकडून चार प्रकारे ऐकली आहे. त्यातल्या त्यात मला आवडते ती सांगतो.

दुसरं महायुद्ध संपलं, पण गावात शिरलेलं रशियन सैन्य काही गेलं नाही. तेव्हा बरेच पुरुष बंदुका घेऊन रानात गेले. त्यांत येरोनिमास होता. तो चुली बांधणारा गवंडी. अंगानं इतका उंच की रानात त्याचं नाव पडलं करकोचा. ही माणसं जमिनीखाली खड्डा खणून राहत, वर ओंडके आणि शेवाळ. आत शेगडी पेटवायची तर धुरानं माग लागायचा. असं सांगतात, की येरोनिमासनं धुराची वाट अशी काही फिरवली, की तो दोन कोसांवरच्या पोलीस चौकीच्या धुराड्यातून निघे. यावर मी शपथ घेणार नाही.

खड्डा मात्र इतरांच्या मापाचा होता. पाय लांब करून तो तिथे एकदाही झोपला नाही म्हणे. पहिल्या वर्षी ते म्हणत, वसंतात बाहेरची मदत येईल. दुसऱ्या वर्षीही म्हणाले. पाचव्या वर्षी कोणी वसंताचं नाव काढेनासं झालं. बावीस होते, त्यांचे नऊ राहिले, मग चार. तरी रात्रपाळीच्या कामगारासारखे रोज उठायचे, पत्रकं छापायची, पहारा द्यायचा, जागा बदलायची. चीडही उरली नव्हती. सुरू केलेलं काम होतं, ते करत होते.

येरोनिमासची आई उर्शुले याच चौकात क्रिएनास विकायची. ते मुळ्याच्या जातीचं एक पांढरं मूळ असतं, किसायला घेतलं की मोहरी फेसल्यासारखी झणझण थेट डोक्यात जाते. उर्शुले तीस वर्षं ते किसत होती आणि तिच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं. गावात त्याची थट्टा चाले. रशियन लेफ्टनंटही येता-जाता म्हणे, "म्हातारे, तुला डोळे आहेत की बटणं?"

"बटणंच आहेत, साहेब. घट्ट शिवलेली."

तिच्या घरात येरोनिमासची बायको ओना आणि दोन लहान मुली राहत. दुसऱ्या आडनावानं, भाडेकरू म्हणून. कारण सैन्याची रीत अशी होती, की रानातला माणूस मारला की त्याला आणून चौकात टाकायचं, शेजारी खुर्ची मांडून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डोळे बघायचे. जो रडला तो नातेवाईक. मग ते सगळं घर मालगाडीत भरून सैबेरियाला.

म्हणून शेवटच्या खेपेला घरी आला तेव्हा येरोनिमास म्हणाला, "आई, मला तिथं टाकलं तर ओळखू नकोस."

"साडेसहा फुटांचा मुलगा, आणि ओळखायचा नाही?"

"ओनासाठी. पोरींसाठी. शपथ घे."

तिनं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. तो ऐकायला जागा नव्हता. घास हातात धरून बसल्या बसल्या झोपला होता.

सातव्या वर्षी, नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी सकाळी, त्याला गाडीतून आणलं आणि उर्शुलेच्या दुकानासमोर दहा पावलांवर टाकलं. बाजाराच्या दिवशी दुकान न मांडणं म्हणजे कबुली देणं. ती बसली, किसणी मांडीवर घेतली. शेजारी तेक्ले बसायची, साखरेचं पांढरं बीट विकणारी. तिला उर्शुले हळूच म्हणाली, "तेक्ले, आज त्याचे पाय सरळ झाले बघ."

आणि तीस वर्षांची शिवण उसवली.

लेफ्टनंट नाकाला रुमाल लावून बसला होता. त्यानं पाहिलं आणि उठून आला. "म्हातारे, आज काय झालं?"

"यंदाचं पीक तिखट आहे, साहेब."

"फक्त तुझ्यापुरतं?"

पलीकडे नळापाशी ओना दोन्ही मुलींना घेऊन उभी होती. लेफ्टनंटनं ठरवलं, इथेच किसून बघू. इतरांना झोंबलं तर म्हातारी खरी. तो पडला शहरातला. क्रिएनास त्यानं बरणीतच पाहिलेलं. त्यानं वाकून एक पांढरं मूळ उचललं, ते तेक्लेच्या टोपलीतून. साखरेचं बीट.

ते त्यानं एका शिपायाच्या हातात दिलं. शिपाई थोराड, मिशा पिकलेला, बीट पिकवणाऱ्या मुलखातून आलेला. हातात घेताच त्याला कळलं असणार. त्यानं बिटाकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मग किसणी ओढली आणि किसायला लागला.

गोड वास सुटला. तेक्ले म्हणाली, "आई गं, काय झोंबतंय," आणि हुंदका दिला. मग पाववाली, मग बदकं विकणारी, मग चर्चचा घंटावाला. गावातल्या निम्म्या चुली येरोनिमासनं बांधलेल्या. सकाळपासून सगळे दात आवळून उभे होते. गाडीची घोडीसुद्धा रडली म्हणे. चर्चच्या दारातल्या लाकडी संताचं मी सांगत नाही, नोव्हेंबरात लाकूड ओलंच असतं.

शिपायानं बाहीनं डोळे पुसले. "फार तिखट आहे, साहेब." तो कोणासाठी रडला हे त्याला कोणी विचारलं नाही.

लेफ्टनंटला वाटलं, आपल्याला रुमालानं वाचवलं. तो रुमाल आणखी घट्ट दाबून चार पावलं मागे सरला. वही उघडली. कोणाकोणाचं नाव लिहिणार? वही मिटली.

संध्याकाळच्या आत प्रेत उचललं. कुठल्या दलदलीत बुडवलं, ते अजून कोणाला ठाऊक नाही. उर्शुलेला कबर मिळाली नाही. ओना आणि मुली राहिल्या. आणि उर्शुलेला वेळ मिळाला. असं सांगतात, की शिपायानं ते एकच बीट दहापासून दुपारपर्यंत पुरवलं, आणि तेवढा वेळ ती मुलाकडे बघत मनसोक्त रडली.

आजही त्या गुरुवारी लांबलांबून माणसं येतात. कोणाला आपल्या घरी रडता आलेलं नसतं, कोणाला वेळ झालेला नसतो, कोणाला लाज वाटलेली असते. कोणाचं कोण गेलं, हे इथं विचारत नाहीत. शेजारची बाई थोडी सरकते, किसणी पुढे करते आणि म्हणते, "सावकाश. बीट मोठं आहे."