ओली फुंक

धोंडगव्हाणात लग्नाला पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याची वेशीतच पंचाईत होते. वऱ्हाड येऊन थांबतं, लाल डगले घातलेला बँड ओळीनं उभा राहतो, ढोलवाला हात उचलतो, आणि वाजत काहीच नाही. बँडचा म्होरक्या आपल्या क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून ओली करतो आणि वाद्य तसंच लग्नघरच्या यजमानाच्या हातात देतो. यजमान वकील असो, मास्तर असो, नाहीतर दारात दोन ट्रॅक्टर उभे असणारा बागाइतदार असो, त्यानं ते तोंडाला लावून फुंकायचं. जो आवाज निघतो त्याला सूर म्हणवत नाही. रेडकू हंबरावं तसं काहीतरी होतं, सगळं गाव पोट धरून हसतं आणि मगच बँड सुरू होतो. याला इथे ओली फुंक म्हणतात.

पाहुण्याला वाटतं, ही लग्नातली थट्टामस्करी. वेशीजवळच्या पारावर बसणारे कोंडिबा आण्णा त्याला जवळ बोलावतात. “हसा की, हसायसाठीच आहे ते,” असं म्हणतात, “पण यजमानाच्या हाताकडं बघितलंत का? सगळं गाव तिकडंच बघत असतं.” मग ते जरा सरकून पाहुण्याला जागा करून देतात आणि देशमुखांच्या मथुरेची गोष्ट सांगतात.

तालुक्याला आगगाडी नुकती आली होती, त्या काळातली ही गोष्ट. मथुरा बडोद्याला मामाकडे राहून शिकली. गावी परतताना तिला वाटलं होतं, गाव आपलं काही ऐकून घेणार नाही. भांडावं लागेल, वडिलांशी अबोला धरावा लागेल. गाडीत ती एकेकाला द्यायची उत्तरं मनात जुळवत आली, असं सांगतात. आणि झालं भलतंच. पहिल्याच बैठकीत गावानं तिचं ऐकलं.

तिचं म्हणणं वाजंत्र्यांविषयी होतं. चुलतबहिणीच्या लग्नात तिनं पाहिलं होतं, की दिवसभर सनई वाजवून ज्यांचे गाल दुखले, त्यांना उकिरड्याशेजारी बसवलं. सगळ्या पंगती उठल्यावर त्यांच्या पसरलेल्या धोतरात वरून भात टाकला. सनई सगळ्यांना हवी होती, सनईवाल्याची सावली कुणाला नको होती. त्या दिवशी मथुरेला घास गेला नाही. आता चावडीत उभी राहून ती म्हणाली, “ज्यांना आपण पंगतीला बसवत नाही, त्यांच्याकडून आपल्या आनंदासाठी वाजवून घ्यायचा आपल्याला हक्क काय? हा बाजा बंद झाला पाहिजे.”

तिचे वडील आबासाहेब देशमुख सावकाश म्हणाले, “पोर म्हणते ते खरं आहे. बंद करू.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. इतक्या लवकर कशा डोलावल्या, हे मथुरेला तेव्हा उमगलं नाही. बाजा बंद करणं सोपं होतं. वाजंत्र्यांना पंगतीला बसवणं अवघड होतं. गावानं सोपं ते घेतलं.

भैरोबापुढे भंडारा उचलला गेला, की या गावच्या कुठल्याही कार्यात बाजा वाजणार नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतून वाजंत्र्यांनाही बोलावून आणलं आणि त्यांच्याकडून तीच शपथ घेतली. त्यांचा म्होरक्या नाथा. त्याची सनई पंचक्रोशीत नावाजलेली. त्यानं भंडारा हातात घेतला आणि विचारलं, “ताईसाहेब, आमचं काय चुकलं?”

“तुझं नाही रे नाथा, चूक आमची,” मथुरा उजळल्या चेहऱ्यानं म्हणाली. “तुला सोडवतेय मी.”

नाथानं तिच्याकडे पाहिलं, भंडारा कपाळाला लावला आणि तो निघून गेला.

शपथेनंतरचं पहिलं लग्न आलं ते सगुणा तेलिणीच्या घरी. सगुणेचा नवरा काशी पोटात असतानाच गेला होता. घाणा तिनं एकटीनं ओढला, पोर एकटीनं वाढवली. गल्लीतून कुणाची वरात निघाली, की विधवा बाई समोर नको म्हणून ती दार लोटून आत बसायची आणि फटीतून बाजा ऐकायची. काशीच्या वेळेला तो आपल्या दारात थांबेल, एवढ्यावर तिनं इतकी वर्षं काढली, म्हणे. काशीचं स्थळ घाटाखालचं होतं, चांगलं होतं.

मथुरा तिच्या घरी गेली ती शाबासकी द्यायला गेल्यासारखी. नव्या चालीचं पहिलं लग्न तुझ्या घरचं, हा मान आहे, असं तिनं सांगितलं. सगुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “वेशीपासनं दारापतोर तरी? लई नको. तेवढंच.”

“एकाला सूट दिली की सगळं मोडतं, सगुणाबाई.”

“ताई, रडले ती मी एकटी रडले. त्याला कुणी लागत न्हाई. हे एकटीनं कसं करू?”

मथुरेला तिची कीव आली. अडाणी आहे, पुढे कळेल, असं तिला वाटलं. “नाही म्हणजे नाही,” ती म्हणाली.

लग्नाचा मुहूर्त गोरजाचा होता. उन्हं कलली तसं वऱ्हाड वेशीतून आत शिरलं. पुढे बैलगाडीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, मागे पन्नासेक माणसं, आणि तोंडातून ब्र नाही. पावलांचा आणि चाकांचा तेवढा आवाज. धोंडगव्हाणाची एक जुनी रीत होती. बाजा वाजत आला तर दारात यायचं. माणसं मुक्यानं चालत आली तर दार लावून घ्यायचं, कारण मुक्यानं जाते ती मयत. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की मथुरेच्या ती ध्यानातच आली नव्हती आणि गावातल्याही कुणाला सुचली नव्हती.

पहिलं दार वाण्याचं लागलं. मग सोनाराचं. बायांनी पोरं आत ओढली, कुणी उंबऱ्यावर पाणी टाकलं. खाट! खाट! अशी गल्लीभर दारं लागत गेली. एक म्हातारा ओट्यावरून उठला, त्यानं डोईचं पागोटं काढून हातात घेतलं आणि बैलगाडीला हात जोडले. त्याला नीट दिसत नव्हतं. त्यानं गाडीजवळच्या माणसाला हळूच विचारलं, “कोण गेलं, बाबा?”

ते विचारलं होतं नेमकं नवऱ्यामुलाच्या बापाला.

“माझं पोरगं जित्तं हाय!” तो ओरडला. त्यानं गाडी जागच्या जागी थांबवली. “आम्ही लग्नाला आलोय का मातीला? मुक्यानं सून न्यायची रीत न्हाई आमच्यात. वाजवा, न्हाईतर ही गाडी फिरवतो.”

देशमुखांच्या बाकावर बसलेली मथुरा उठून पुढे गेली. तिनं त्याला समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगुणा घरातून धावत आली. ती ओरडली नाही की रडली नाही. बंद दारांकडे बघत म्हणाली, “ताई, काशीचा बाप गेला त्या दिवशी अशीच लागली होती दारं.”

एवढ्या शब्दांनी मथुरेचं बडोदं तिच्या अंगावरून उतरलं, असं कोंडिबा आण्णा म्हणतात. तोंडातली उत्तरं कुठल्या कुठे गेली. ती वळली आणि वेशीकडे चालत सुटली. मागून सगुणा आली, नवऱ्यामुलाचा बाप गाडी-वऱ्हाडासकट आला, दारं किलकिली करून गाव आलं.

वेशीबाहेर वाजंत्री बसलेच होते. काशीचं लग्न म्हणून आले होते, वाजवायला नाही, नुसतं बघायला. वाद्यं मात्र फडक्यात बांधून सोबत आणली होती. मथुरा म्हणाली, “नाथा, वाजव. मी सांगते.”

नाथा उभा राहिला. “भंडारा उचललाय, ताईसाहेब. आमच्यातला कुणी फुंकणार न्हाई. देव वेशीतच बसलाय.”

“शपथ मी घातली होती.”

“मग तुम्हीच मोडा.” तो म्हणाला, “आम्हाला पंगतीला बसवत न्हाईत, हे तुम्ही बघितलंत. आजवर कुणी बघितलं न्हवतं. पण बसवायचं सोडून तुम्ही वाजवणंच काढून घेतलंत.”

त्यानं फडकं सोडलं. सनई तोंडाला लावून पत्ती ओठांत धरली, जिभेनं ओली केली आणि दोन्ही हातांनी सनई मथुरेपुढे धरली.

मथुरेनं ती घेतली. तिनं काही विचार केला नाही. तिच्या हातानंच पदराचं टोक उचललं आणि सनईचं तोंड पुसलं.

मग ती फुंकायला गेली. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. कोरड्या पत्तीतून आवाज निघत नाही. सगळं गाव तिच्या पदराकडे बघत होतं. नाथाही तिथेच बघत होता. “पुसली की मुकी होते ती,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मथुरेला उभं तरी राहता आलं असतं.

तिनं सनई पुढे केली, की नाथानं काढून घेतली, हे कुणी नक्की सांगत नाही. त्यानं ती पुन्हा ओठांत धरून ओली केली. पण आता ती घ्यायला मथुरेचा हात वर होईना. तो पदरात अडकल्यासारखा झाला होता. तेवढ्यात सगुणा पुढे आली. जिला शुभकार्यात समोर यायची बंदी, त्या बाईनं नाथाच्या हातातून सनई घेतली, जशी होती तशी तोंडात धरली आणि छातीत होतं नव्हतं तेवढं वारं फुंकलं.

आवाज निघाला तो असा, की गाडीचे बैल बुजले. नवऱ्यामुलाच्या बापानं कानांवर हात ठेवले. “विहीणबाई, बैल पळवाल की!” तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. त्याच्यामागून वऱ्हाड हसलं, गाव हसलं, सगुणा तोंडावर पदर घेऊन हसता हसता रडायला लागली. शपथ मोडली होती. ती मोडल्याबद्दल देव रागावल्याचं आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मग नाथानं सनई घेतली आणि जो बाजा झाला तसा त्या गावात आधी झाला नव्हता, असं सांगतात. लावलेली दारं उघडली, लोक दिवे घेऊन बाहेर आले. बांधावरून भांडलेले दोघे भाऊ एकाच हलगीपुढे नाचले. पागोटं काढलेल्या म्हाताऱ्यानं ते पुन्हा डोक्यावर ठेवलं, वाकडंच, आणि गाडीपुढे गिरकी घेतली. बाजा सगुणेच्या दारात थांबला, आणि ती या वेळी फटीतून नाही, उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. मांडवात तिनं वाजंत्र्यांची पानं आपल्या पाहुण्यांच्या ओळीतच मांडली. उठून जाणारे दोनचार उठून गेले. बाकीचे बसले.

मथुरेला कुणी काही बोललं नाही. टोमणा नाही, दोष नाही. सगुणेनं तर तिच्या हातावर लाडू ठेवला. गाव सुखात होतं आणि त्या सुखात तिला उभं राहायला जागा सापडेना. जिथे जाई तिथे तिला आपलाच हात दिसे, पदर उचलणारा.

आजही धोंडगव्हाणात लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचं पोर दहावी पास झाल्याचं जेवण असो, यजमानानं ओली फुंक घातल्याशिवाय वाजायला सुरुवात होत नाही. यजमानाच्या हाताकडे आजही सगळ्यांचं लक्ष असतं. तो पुसतो का, एवढंच बघायचं असतं. एकदा यजमान म्हणून उभ्या राहिलेल्या शहरातल्या एका जावयानं खिशातून रुमाल काढला, तर नवरी मांडवातून ओरडली होती, म्हणे. फुंकायची चाल सगुणेपासून आली, असं सगळेच मानतात. न पुसण्याची चाल मात्र तिच्यापासून आली नाही, कारण पुसायचं असतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती चाल दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. कोंडिबा आण्णा हा शेवटचा भाग सांगताना आवाज उतरवतात.

सकाळी मथुरा परसात तोंड धूत होती. तिची आई चुलीपाशी होती. कालचा सगळा प्रकार तिच्या कानावर आला होता. मुलीचा उतरलेला चेहरा पाहून तिला वाटलं, पोरीला धीर द्यावा. ती जवळ आली, मथुरेच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाली, “फुंकायला नको होतंस. पण बरं केलंस हो, निदान पुसून घेतलीस. चारचौघांत घराचा आब राखलास.”

मथुरेनं तांब्या खाली ठेवला. आदल्या दिवशी कुणी जे बोललं नव्हतं ते आईनं बोलून दाखवलं होतं, आणि शाबासकी म्हणून. चावडीत ती ज्यांच्याविरुद्ध उभी राहिली होती, त्यांना ती आपलीच वाटली होती. तिचं तोंड ओलं होतं. पुसायला तिनं पदर उचलला आणि तसाच सोडून दिला.

“आई,” ती म्हणाली, “मी नाथाच्या घरी चाललेय. त्याला वेशीत घेऊन येणार आहे, आणि काल ज्यांनी ज्यांनी बघितलं त्या सगळ्यांना बोलावणार आहे. आज मी पुसणार नाही.”

“आणि मग या घरात कुठल्या तोंडानं येशील?” आईनं विचारलं.

“त्याच,” मथुरा म्हणाली आणि दिंडीदरवाजा उघडून बाहेर पडली.