पाटावर मावणारा कॉम्प्रेसर

तांबट आळीत दामूअण्णा करडे नावाचे एक हौशी गृहस्थ राहत होते. नोकरी पोस्टात, पण जीव सगळा घरामागच्या गॅरेजात. तिथे त्यांची जुनी जीप उभी असे. त्यांची एकुलती एक मुलगी शर्वरी त्याच जीपवर गाडी चालवायला शिकली होती, आणि शिकता शिकता तिने गॅरेजच्या भिंतीचा एक कोपराही पाडला होता. अण्णांनी तो कोपरा मुद्दाम तसाच ठेवला होता.

पुढे शर्वरीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त. साड्या-दागिन्यांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, सासरी मी आपल्या जीपमधून जाणार. तिला पिस्ता रंग द्या. आणि तुमच्या हातानं द्या."

अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी त्याच दिवशी जीपचा जुना रंग खरवडायला घेतला. आता ब्रशने रंगवावं, तर फाटकावर उठतात तसे फराटे उठणार. रंग फवाऱ्यानेच मारायला हवा, आणि फवाऱ्याला हवा पुरवायची तर कॉम्प्रेसर हवा. तेव्हा अण्णा पिशवी घेऊन बाजारात निघाले, जणू कॉम्प्रेसर पिशवीतूनच आणायचा होता.

इथे तांबट आळीची एक रीत सांगितली पाहिजे. खंडेनवमीला तिथलं प्रत्येक घर आपली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतं, त्यांना झेंडूच्या माळा घालतं आणि दार सताड उघडं ठेवतं. मग सगळी आळी घरोघर फिरून ती हत्यारं बघते. नुसती बघत नाही, निरखून बघते, आणि पुढे दिवाळीपर्यंत त्यांवर बोलते. गेल्या वर्षी शेजारच्या बंडोपंत हजाऱ्यांच्या वेल्डिंग मशीनपुढे ही झुंबड उडाली होती. अण्णांच्या पान्यांना मात्र लोकांनी उभ्या उभ्या नमस्कार केला, गूळखोबरं तोंडात टाकलं आणि पुढचं घर गाठलं. ते अण्णांच्या मनाला फार लागलं होतं, आणि आता यंदाची खंडेनवमी तोंडावर आली होती.

दुकानात शांतिलालशेठने एक छोटा कॉम्प्रेसर पुढे ओढला. खाली चाकं, वर बेताची टाकी, खिशाला झेपणारा आणि घरच्या साध्या प्लगवर चालणारा.

"टायरला हवा आणि कधीमधी रंग, एवढंच काम ना, अण्णा? मग हा भरपूर झाला. एक पत्रा रंगवायचा, टाकी भरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा पत्रा घ्यायचा."

"थांबायचं?" अण्णांना तो शब्द आवडला नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका लाल धुडावर गेली होती. "आणि तो?"

"तो दिवसभर गाड्या रंगवणाऱ्यांसाठी. घरच्या लाइनवर चालायचा नाही. थ्री फेज घ्यावी लागेल तुम्हाला."

"घेऊ की!" अण्णा म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे जीप नव्हतीच. बंडोपंतांचं तोंड होतं.

खंडेनवमीला ते धूड काही पाटावर मावलं नाही. शेवटी पाटच त्याच्यापुढे ठेवून पूजा उरकली. पण गर्दी काय विचारता! दारात चपलांचा ढीग पडला. बंडोपंतांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, मानलं तुम्हाला." खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी असते, त्यामुळे चालवून दाखवा असं कोणी म्हटलं नाही. अण्णा त्या दिवशी जमिनीवर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी मात्र लोक आपापल्या सायकली आणि स्कूटर घेऊन हवा भरायला दारात हजर झाले.

"अजून तेल घालायचंय," अण्णा म्हणाले. मग एकदा पाइप यायचा राहिला होता. एकदा पट्टा बसवायचा होता. थ्री फेजचा अर्ज त्यांनी केला होता, पण नवीन तार दूरच्या खांबावरून ओढावी लागणार होती आणि ते काम दिवाळीनंतरच हाती घेता येईल, असं उत्तर आलं होतं. मधल्या काळात अण्णांच्याच स्कूटरची हवा गेली. ती ढकलत ते मागच्या बोळाने पंक्चरवाल्याकडे गेले. तोंडावर रुमाल बांधला होता, तरी पंक्चरवाल्याने ओळखून विचारलंच, "काय अण्णा, आज इकडे?"

मंदाकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एकदा झाडता झाडता म्हणाल्या, "अहो, या लाल देवाला रोज नैवेद्यही दाखवायचा का? म्हणजे तसा स्वयंपाक करायला बरा."

जीप तशीच उभी होती, रंग खरवडलेली, अंगावर ठिकठिकाणी डाग घेऊन. दिवाळी जवळ आली. एका दुपारी शर्वरी गॅरेजात आली. तिने जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या आता. आम्ही भाड्याची गाडी सांगतो. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती त्यांचीच समजूत घालत होती. अण्णांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आळी वामकुक्षीत असेल अशी वेळ साधून, त्यांनी टेंपो बोलावला. धूड चढवलं आणि त्याच्यावर ताडपत्री घातली. पण नेमका त्याच दिवशी पारावर पत्त्यांचा डाव रंगला होता. बंडोपंत हात वर करून टेंपोला आडवे आले.

"अण्णा, कुठं निघाली स्वारी?"

"सर्व्हिसिंगला" हा शब्द अण्णांच्या अगदी जिभेवर आला होता. पण पाठोपाठ शर्वरीचा चेहरा आठवला. ते खाली उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ताडपत्री ओढून काढली. सुकलेली झेंडूची माळ अजून टाकीवर लोंबत होती.

"परत द्यायला चाललोय. घरच्या लाइनवर हा चालत नाही. शेठनं तेव्हाच सांगितलं होतं मला. पण तुमच्या डोळ्यांत भरावं म्हणून घेतला, बंडोपंत."

पारावर कोणी पान टाकेना. बंडोपंतांनी डोकं खाजवलं. मग ते एकदम खो खो हसत सुटले.

"अहो अण्णा, माझं वेल्डिंग मशीन तरी कुठं चालतंय? गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवतोय आम्ही! सरका, मीपण येतो दुकानात."

सगळा पार हसला. अण्णाही हसले, आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. शांतिलालशेठने कॉम्प्रेसर न वापरलेला बघून परत घेतला आणि छोटा काढून दिला. अण्णा टाकीवरचं हळदीकुंकू पुसायला गेले, तर शेठ म्हणाले, "राहू द्या हो. पूजा झालेला आहे म्हणून गिऱ्हाईक खूशच होईल."

मग गॅरेजात काम सुरू झालं. छोटा कॉम्प्रेसर घुरघुरायचा, अण्णा एक पत्रा रंगवायचे, हवा संपायची. मग टाकी भरेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात शर्वरी चहा घेऊन यायची आणि दोघं उपड्या डब्यांवर बसायचे. भिंतीचा कोपरा पाडला तेव्हा अण्णांनी मंदाकाकूंना काय थाप मारली होती, ते तिला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. सासरी जायची भीती वाटते, हेही तिने तिथेच सांगितलं. अण्णा म्हणाले, "मलाही वाटते." मग टाकी भरली आणि ते घाईघाईने उठले, कारण डोळे पुसायला आडोसा हवा होता. मोठ्या कॉम्प्रेसरवर जीप एका सकाळीच रंगून झाली असती, आणि बापलेकीचं हे सगळं बोलणं राहूनच गेलं असतं.

पिस्ता रंगाची जीप वाजतगाजत सासरी गेली.

पुढच्या खंडेनवमीला शर्वरी स्वतः जीप चालवत माहेरी आली. छोटा कॉम्प्रेसर पाटावर अगदी बेतशीर बसला होता. आळी घरोघर फिरत अण्णांच्या दारात आली आणि या वेळी घाईने पुढे सरकली नाही. सगळ्यांनी मनापासून हात जोडले, कारण वर्षभर आळीतल्या प्रत्येक चाकात त्याचीच हवा होती. बंडोपंतांनी तर त्याच्यापुढे लोणच्याची एक बरणीच आणून ठेवली.

तात्पर्य: वस्तू घेताना डोळ्यांपुढे आपलं काम ठेवावं, शेजाऱ्याचं तोंड नव्हे, आणि चूक झालीच, तर तिच्यावर ताडपत्री घालू नये.