शेवरीवालीची खोपी

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी नदीकाठच्या एका गावात विड्याच्या पानांचा मळा होता. आता पानवेल काही आपली आपण उभी राहत नाही, बाबांनो. आधी शेवरी पेरायची, ती डोक्याच्या वर गेली की बुंध्याशी वेल लावायची. शेवरी वेलीला धरते, वरून सावलीही देते.

ती शेवरी एका म्हातारीनं लावली होती. गावची रीत अशी, की शेवरी लावणाऱ्याचीच. आणि ती उभी आहे तोवर त्याला मळ्यात खोपीपुरती जागा. म्हातारीला दुसरं घर नव्हतं.

दोन वर्षांत वेली शेंड्याला पोचल्या. फाल्गुनातल्या एका सकाळी मळेवाला खोपीशी आला.

"म्हातारे, ही खोपी मोड. इथं मला बसायला ओटा बांधायचाय."

"आणि मी कुठं जाऊ, मालक?"

"ते मी कसं सांगू? शेवरी आता आपली वाढतेय. तुझं काम काय उरलंय?"

म्हातारीचं डोकं तापलं. दोन उन्हाळे तिनं या रोपांना नदीवरून घागरी वाहिल्या होत्या. पण ती ओरडली नाही. गावातली चार माणसं बोलावून आणली.

"आता यांच्यासमोर बोला."

"त्यात काय बोलायचं?" मळेवाला हसला. "तुझं असेल ते उचल आणि चालती हो."

"ऐकलंत ना?" म्हातारी चौघांना म्हणाली. पदर खोचून तिनं खोपीतला कोयता आणला.

पहिल्या शेवरीला वेल बांधलेल्या लव्हाळ्याच्या गाठी तिनं एकेक सोडल्या. वेल अलगद जमिनीवर निजवली. मग शेवरीवर घाव घातला. मग दुसरी. मग तिसरी.

मळेवाला धावत आला. "अगं सटवे, माझी वेल मरेल."

"तुमच्या वेलीचं पान फाटलं असेल तर दाखवा. मी माझी शेवरी नेतेय."

त्यानं चौघांकडे पाहिलं. एकजण खाली बघत म्हणाला, "शेवरी तिचीच हो. आपली रीतच आहे."

मळेवाल्याचा आवाज उतरला. "बरं, राहा बाई खोपीत. ओटा नको मला."

"आता इथलं पाणीसुद्धा नको मला."

हाताला फोड आले, तरी तिचा राग निवला नाही. पहिल्यांदा उगवलेल्या रोपाशी मात्र ती घटकाभर थांबली. सालीवरून हात फिरवला. मग तेही तोडलं.

आठ दिवसांत उन्हानं सगळ्या वेली करपल्या.

म्हातारी पलीकडच्या गावी गेली. तिथल्यांनी तिला आधी खोपी घालून दिली, मग शेवरीचं बी हातात ठेवलं. मळेवाला मात्र शेवरी लावणारं माणूस शोधत दहा गावं हिंडला. जो तो एकच विचारी, "आधीच्या बाईची खोपी कुठाय?" कुणीच आलं नाही. मळ्यात हरळी माजली.

तात्पर्य: ज्याच्या आधारानं आपण उभे आहोत, त्याची बसायची जागा कधी हिरावून घेऊ नये.