साळूताईच्या बिळातली चूल

डोंगरावर अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वैशाखात उन्हाने हैराण झालेला ससोबा साळूताई साळिंदराच्या खोल बिळात शिरला आणि चार दिवस गारव्यात मजेत लोळला.

पौषात कडाक्याची थंडी पडली. साळूताई त्याला बोलवायला आली, तर गवतात कुडकुडत ससोबा म्हणाला, "नको गं बाई! तुझं बीळ किती गार असतं, मला ठाऊक आहे. मारतेस का मला?"

साळूताईने त्याला कान धरून आत ओढलं. आत छान ऊब होती. ससोबाने सगळे कोपरे हुंगून पाहिले.

"ताई, चूल कुठे लपवलीस?"

"चूल कसली? इतकं खोल वैशाखही पोचत नाही आणि पौषही. बीळ आहे तसंच आहे रे. तेव्हा तू तापून आला होतास, आज गारठून आलास."