दगड कोण खातो?

भरपूर ऊन पोहोचणाऱ्या एका उथळ समुद्रात प्रवाळाचे एक मोठे झुडूप होते. सांबराच्या शिंगांसारख्या त्याच्या फांद्या, आणि त्या फांद्यांच्या बेचक्यात एक खेकडा राहत असे. खेकडा तो केवढा, तर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा! चौकशा मात्र गावभरच्या. आपण राहतो ते घर नेमके आहे तरी काय, या प्रश्नाने त्याला पछाडले होते. शेजारचा निळा मासा म्हणे, "दगड आहे रे! हवं तर डोकं आपटून बघ." गोगलगाय म्हणे, "झाड आहे बाळा. फांद्या दिसत नाहीत?" खेकड्याला दोन्ही पटत नसत. मोडलेले टोक पुन्हा वाढते, मग दगड कसा? आणि झाड म्हणावे, तर औषधालाही पान नाही! पोट मात्र त्याचे तिथेच भरे. फांद्यांवर पाझरणारा चिकट रस चाटला की झाले.

एके दिवशी अंगभर काटे असलेला, पंधरा हातांचा एक तारामासा सरपटत आला. खालच्या फांदीवर चढून त्याने आपले पोटच तोंडावाटे बाहेर काढले आणि फांदीवर पसरले. तो पुढे सरकला, तेव्हा मागची फांदी चुन्यासारखी पांढरी पडली होती. "पळ, दुसरा दगड शोधू!" असे म्हणत निळा मासा पसार झाला. खेकडाही घाबरून निघाला. पण जाता जाता त्याच्या डोक्यात किडा वळवळलाच. दगड कोण खातो? कुणीच नाही. म्हणजे आपले घर जिवंत आहे, आणि ते आता मरायला लागले आहे!

तो तसाच मागे फिरला. "ए, उतर खाली!"

तारामासा हसला. "चल हट, चिमुरड्या. दगडासाठी जीव देतोस?"

"दगड असता, तर तू जेवायला आला असतास?" असे म्हणून खेकडा काट्यांखाली शिरला आणि त्याच्या हातांखालच्या इवल्या इवल्या मऊ पायांना कडकडून चिमटे घेऊ लागला. एक सोडला की दुसरा धरला. तारामाशाने झटकले, काटे रुतवले. पण खेकड्याने काही नांगी टाकली नाही. शेवटी वैतागून तारामासा पाय आखडत निघून गेला.

झुडूप वाचले. निळा मासा परत येऊन तोंड भरून कौतुक करू लागला. खेकड्याचे तिकडे लक्षच नव्हते. पांढऱ्या फांदीपाशी तो रडवेला होऊन बसला होता.

"सगळ्यांना विचारत हिंडलो," तो म्हणाला, "आणि कळलं, तेव्हा एक फांदी गेली होती."

तात्पर्य : ज्याच्या जिवावर आपण जगतो, तो मुका आहे म्हणून त्याला दगड समजू नये; त्याच्यावर घाला आला, की आपली ताकद मोजत न बसता उभे राहावे.