कवड्याचा खांदा

गावोगावचे दिवे घाण्याच्या तेलावर जळत, त्या काळातली ही फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक तेली राहत होता. त्याच्या घाण्याला कवड्या नावाचा एकच बैल होता. घाणा नेहमी एकाच दिशेने फिरे, त्यामुळे जू एकाच खांद्याला घासे. कवड्याचा तो खांदा आधी सोलवटला, मग त्यात पू झाला. असंच चाललं तर हा बैल दिवाळी बघत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि गप्प बसेल तर ते गाव कसलं! पाटलाने दम भरला. पुराणिकबुवांनी नरकाचं वर्णन ऐकवलं. शेजारणीने तर येता-जाता "पापी मेला" म्हणायचा नेमच धरला. तेली सगळ्यांना एकच उत्तर देई, "बैल माझा आहे." ज्या दिवशी बोलणी जास्त बसत, त्या दिवशी तो हट्टाने एक घाणा जास्त काढी. शहाणपण गाव शिकवी आणि फेरे कवड्याला पडत. खरं सांगू? मला तेल्याइतकाच गावाचाही राग येतो.

एके दिवशी गावची गुरं राखणारा म्हातारा पेंड घ्यायला आला.

"बाबा, तुम्हीही शिकवायला आलात?" तेल्याने विचारलं.

"छे रे! पेंड न्यायला आलोय. तुझं कसं चाललंय?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तेली भडाभडा बोलू लागला. "दिवाळी तोंडावर आली. बैल सोडला तर तेल कसं काढू? मग हीच माणसं दारात येऊन ओरडतील."

"म्हणजे बैलाचं दुखणं तुला दिसतंय, पण गाव अंधारात राहील याची धास्ती आहे."

"तेच तर!" तेली मटकन खाली बसला.

म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे केले. "कवड्याला विसावा द्यावा, असं तुझ्या मनात किती आहे? या दहा बोटांत सांग बघू."

तेल्याने जरा विचार केला आणि त्यातली चार बोटं धरली.

पाटील असता तर 'चारच?' म्हणून डाफरला असता. म्हाताऱ्याने विचारलं, "चार का धरलीस? एकच का नाही?"

तेली घुटमळला. "पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी करायला बसलो. हळद-तुपाचा हात नुसता जवळ नेला, तर त्याने अंग चोरलं. वासरू होता तेव्हापासून माझ्या हातचं खातो, बाबा. आणि माझ्याच हाताला भ्याला."

म्हाताऱ्याने विचारलं, "काय करावंसं वाटतं?"

"जखम सुकेपर्यंत जू ठेवायचं नाही. नंतर जुवाला कापसाची गादी बांधीन. आणि तोवर..." तेल्याने घाण्याकडे पाहिलं, "तोवर मीच ओढीन."

"जखमेवर लावायला पाला मी आणून देतो," म्हातारा म्हणाला आणि पेंड घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तेल्याने घाण्याला स्वतःचा खांदा लावला. दुपारपर्यंत तो खांदा लालभडक झाला. पाटील तेल न्यायला आला आणि दारातच थबकला. त्याने पागोटं काढून ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने जोर लावला. दोनच फेऱ्यांत त्याला धाप लागली. मग रोज एकेका घरची माणसं येऊ लागली. पुराणिकबुवाही आले. शेजारीण गूळपाणी घेऊन आली आणि जरा वेळाने तिनेही पदर खोचला.

दिवाळीला घरोघरी दिवे लागले. तेली हातावर हळद-तूप घेऊन गोठ्यात गेला. त्याने भीतभीतच कवड्याच्या खांद्यावर हात ठेवला. कवड्या जागचा हलला नाही, निवांत रवंथ करत राहिला.

तात्पर्य : दटावलं की माणूस हट्टाला पेटतो, आणि आपुलकीने विचारलं की त्याच्या मनातली दया त्याच्याच तोंडून बाहेर येते.